सुट्टीतले श्रमदान आणि सरकारची सुट्टी

हक्काची रजा टाकायची, प्रवासखर्च आणि नोंदणीशुल्क पदरचे मोजायचे, आठवडाभर तंबूत मुक्काम ठोकायचा आणि दिवसभर कुदळ-फावडे चालवायचे, या उद्योगाला अमेरिकेत ‘व्हॉलंटिअर व्हेकेशन’ असे नाव आहे. रानावनातील पायवाटांची डागडुजी हा या सुट्टीचा मुख्य कार्यक्रम. ‘अमेरिकन हायकिंग सोसायटी’ ही १९७६ मध्ये स्थापन झालेली संस्था १९७९ पासून अशा सहली भरवते. सिएरा क्लबच्या ‘सेवा-सहली’ त्याहूनही जुन्या आहेत. याशिवाय प्रत्येक मोठ्या पायवाटेची आणि अनेक रानप्रदेशांची स्वतंत्र स्वयंसेवी मंडळे आहेतच.

आजवर या प्रकाराकडे निसर्गवेड्या मंडळींचा निरुपद्रवी छंद म्हणून पाहिले जात असे. २०२५ या वर्षाने मात्र ही दृष्टी बदलायला लावली. वर्षाच्या आरंभी अमेरिकेच्या वन आणि राष्ट्रीय उद्यान खात्यांत मोठी कर्मचारीकपात झाली आणि वर्षाच्या अखेरीस संघराज्याचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले. सरकारी हात कमी पडू लागताच सगळ्यांच्या नजरा स्वयंसेवकांकडे वळल्या. सरकारने टाकलेली जबाबदारी नागरिकांच्या सुट्टीतून भागवता येईल काय, हा त्यातून उभा राहिलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ अमेरिकेपुरते मर्यादित नाही.

पाणी हाच शत्रू

पायवाट म्हणजे माणसांच्या पायांनी आपोआप पडलेली रेघ, असा सर्वसाधारण समज आहे. डोंगरउतारावरील टिकाऊ पायवाट ही प्रत्यक्षात विचारपूर्वक केलेली बांधणी असते. उतार आडवा कापून तिचा पृष्ठभाग तयार केला जातो आणि तो दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवला जातो. पावसाचे पाणी वाटेवरून वाहत न जाता वाट ओलांडून खाली जावे, हा त्यामागचा हेतू. चालणाऱ्यांच्या पायांनी मधला भाग हळूहळू दबतो, बाहेरच्या कडेला मातीचा उंचवटा साचतो आणि पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. मग तेच पाणी वाटेचा ओढा करते. ओढ्यातून चालणे नकोसे झाल्याने लोक बाजूने चालू लागतात, वाट रुंदावते, आजूबाजूची झुडपे तुडवली जातात आणि धूप वाढत जाते. पडलेल्या झाडांचेही तसेच. एक झाड आडवे पडले की त्याला वळसा घालणारी नवी वाट तयार होते. चार-सहा हंगाम कोणी फिरकले नाही, तर मूळ वाट झाडोऱ्यात हरवून जाते.

आठवडाभराच्या सुट्टीत स्वयंसेवकांची तुकडी नेमके याविरुद्ध काम करते. कडेचा उंचवटा खणून काढणे, पाणी वळवण्यासाठी दगडांचे वा ओंडक्यांचे आडवे बांध घालणे, बुजलेले चर मोकळे करणे, झुडपे छाटणे, आडवी झाडे कापून बाजूला करणे, अशी ही कामे असतात. त्यासाठीची अवजारेही खास आहेत. ‘पुलास्की’ हे त्यांतले सर्वात प्रसिद्ध. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला खणण्याचे आडवे पाते असलेले हे अवजार एड पुलास्की या वनरक्षकाच्या नावाने ओळखले जाते. १९१० च्या भीषण वणव्यात आपल्या चाळीसहून अधिक सहकाऱ्यांना आयडाहोतील एका खाणीच्या बोगद्यात नेऊन त्यांपैकी बहुतेकांचे प्राण वाचवणारे ते हेच पुलास्की.

या कामात चमकदार असे काही नाही. नवा पूल बांधला की फीत कापता येते. चरातला पालापाचोळा काढल्याबद्दल समारंभ होत नाही. देखभालीच्या कामाला राजकीय आश्रयदाता मिळत नाही तो यामुळेच.

कायद्यानेच हातात दिलेली करवत

अमेरिकेतील या श्रमदानाला एक कायदेशीर पार्श्वभूमी आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ सप्टेंबर १९६४ रोजी ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’वर स्वाक्षरी केली. काही सरकारी भूभाग कायमचे अस्पर्श ठेवावेत, तेथे माणसाने केवळ पाहुणा म्हणून यावे आणि परत जावे, ही त्या कायद्याची मध्यवर्ती कल्पना. हॉवर्ड झानायझर यांनी त्याचा मसुदा तयार केला होता. कायदा होण्याच्या काही महिने आधीच त्यांचे निधन झाले. आरंभी ९१ लाख एकर क्षेत्राला हे संरक्षण मिळाले. आज अशा रानप्रदेशांची संख्या ८०० हून अधिक आणि एकूण क्षेत्र ११ कोटी एकरांहून अधिक आहे. त्यातील निम्म्याहून अधिक क्षेत्र एकट्या अलास्कात आहे.

या कायद्याने रानप्रदेशात रस्ते, मोटारवाहने आणि यंत्रसामग्रीचा वापर यांना मनाई केली. क्षेत्राच्या व्यवस्थापनासाठी अपरिहार्य असेल तेवढाच अपवाद. याचा पायवाटांच्या देखभालीवर थेट परिणाम झाला. यांत्रिक करवत घेऊन दोन माणसांनी काही मिनिटांत उरकावे असे काम येथे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या जुन्या पद्धतीच्या करवतीने करावे लागते. सामान वाहून नेण्यासाठी गाडी नाही; खेचरे किंवा माणसाची पाठ. मोंटाना राज्यातील ‘बॉब मार्शल’ रानप्रदेशात स्वयंसेवकांच्या तुकड्या अशाच रीतीने कित्येक मैल आत जाऊन काम करतात. थोडक्यात, ज्या जमिनीवर यंत्रांना बंदी आहे, तेथे मनुष्यबळ सर्वाधिक लागते. मनुष्यबळ कमी झाले की पहिला फटकाही तेथेच बसतो.

हा ताण २०१९ मध्ये उघड झाला. कोलोरॅडोतील वेमिनूच आणि साउथ सॅन वॉन या रानप्रदेशांत खोडकिड्याने स्प्रूसची असंख्य झाडे मारली होती. वाळलेली झाडे पायवाटांवर कोसळत होती आणि हातकरवतीने ती हटवणे आवाक्याबाहेर जात होते. वनखात्याने त्या हंगामापुरती यांत्रिक करवतींना परवानगी दिली. संवर्धनवादी संस्थांनी न्यायालयात धाव घेतली. माणसे कमी आहेत म्हणून कायद्याचे तत्त्व मोडायचे काय, असा त्यांचा सवाल होता. खात्याने अखेर परवानगी मागे घेतली. तत्त्व टिकले, मात्र झाडे हटवायला माणसे आणायची कोठून, हा प्रश्न तसाच राहिला.

परंपरा मोठी, पण आधार कोणाचा?

स्वयंसेवकांच्या बळावर किती मोठे काम उभे राहू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘अ‍ॅपलाचियन ट्रेल’. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये एका लेखातून ही कल्पना मांडली. १९२५ मध्ये तिच्यासाठी संस्था स्थापन झाली आणि १९३७ मध्ये जॉर्जियापासून मेनपर्यंतची सलग वाट पूर्ण झाली. १४ राज्यांतून जाणारी ही पायवाट सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची आहे. ३० स्थानिक मंडळांनी तिचे तुकडे वाटून घेतले आहेत. अमुक ओढ्यापासून तमुक खिंडीपर्यंतची वाट अमक्या मंडळाची, अशी ही व्यवस्था. महासाथीपूर्वीच्या वर्षांत हजारो स्वयंसेवक मिळून दरवर्षी सुमारे दोन लाख तास काम करत असत.

मात्र या उदाहरणातील एक बाब बहुधा दुर्लक्षित राहते. ही वाट केवळ हौसेवर टिकलेली नाही. १९३३ ते १९४२ या काळात रूझवेल्ट यांच्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ योजनेतून सुमारे ३० लाख बेरोजगार तरुणांना वेतन देऊन वनांत काम दिले गेले. आजही वापरात असलेल्या अनेक पायवाटा आणि निवारे त्यांनीच बांधले. १९६८ च्या ‘नॅशनल ट्रेल्स सिस्टिम अ‍ॅक्ट’ने अ‍ॅपलाचियन आणि पॅसिफिक क्रेस्ट या दोन वाटांना राष्ट्रीय दर्जा दिला आणि पुढे सरकारने वाटेलगतची खासगी जमीन विकत घेण्यासाठी पैसा ओतला. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याने या जमिनीच्या दैनंदिन व्यवस्थापनाची जबाबदारी करारान्वये स्वयंसेवी संस्थेकडे सोपवली. म्हणजे जमीन सरकारची, कायदा सरकारचा, तज्ज्ञ आणि निधीचा मोठा भाग सरकारचा. आणि घाम स्वयंसेवकांचा. हा समतोल साधला म्हणून ही वाट टिकली.

सरकारने नागरिकांचे फुकट श्रम घ्यावेत की नाही, याविषयीही अमेरिकेचा कायदा जागरूक आहे. कायद्याने स्पष्ट मुभा दिल्याखेरीज कोणत्याही खात्याने विनामूल्य सेवा स्वीकारू नये, असे बंधन तेथे १८८४ पासून आहे. संसदेने मंजूर केलेल्या पैशाची मर्यादा अधिकाऱ्यांनी मागच्या दाराने ओलांडू नये आणि पुढे त्या श्रमांच्या मोबदल्याचे दावे उभे राहू नयेत, हा त्यामागचा हेतू. त्यामुळेच उद्यानांसाठी १९७० मध्ये आणि वनांसाठी १९७२ मध्ये स्वयंसेवकांना मुभा देणारे स्वतंत्र कायदे करावे लागले. वनविषयक कायद्यानुसार काम करताना दुखापत झाल्यास स्वयंसेवकाला नुकसानभरपाईपुरते सरकारी कर्मचाऱ्यासारखेच मानले जाते. फुकट श्रमांचीही जबाबदारी सरकारला घ्यावी लागते, हे तत्त्व तेथे कायद्यातच कोरलेले आहे.

थकबाकीचा डोंगर

या पार्श्वभूमीवर आकडेवारी पाहिली पाहिजे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने, म्हणजे ‘गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस’ने, २०१३ मध्ये वनखात्याच्या पायवाटांचा आढावा घेतला. खात्याकडे सुमारे १ लाख ५८ हजार मैलांच्या पायवाटा होत्या. त्यांपैकी २०१२ या आर्थिक वर्षात सुमारे ३७ टक्के लांबीवर काही ना काही देखभाल झाली आणि जेमतेम एक चतुर्थांश लांबीच खात्याच्या स्वतःच्या निकषांना उतरली. थकीत देखभालीचा अंदाज होता ३१ कोटी ४० लाख डॉलर. नियमित देखभाल, सुधारणा आणि व्यवस्थापन यांसाठी लागणारे २१ कोटी डॉलर वेगळेच.

ही थकबाकी एका सरकारची किंवा एका पक्षाची नाही. तिचे मोठे कारण वणवे हे आहे. वनखात्याच्या अंदाजपत्रकात १९९५ साली वणव्यांवरील खर्चाचा वाटा १६ टक्के होता. २०१५ मध्ये तो निम्म्यावर गेला. त्याच सुमारास, १९९८ ते २०१५ या काळात, वणव्यांखेरीज अन्य कामे पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या ३९ टक्क्यांनी घटली. आग विझवायला माणसे आणि पैसा गेला की पायवाटा, पूल, तळ यांच्यासाठी उरते काय? २०१८ मध्ये संसदेने वणव्यांच्या खर्चासाठी वेगळी तरतूद केली आणि २०२० च्या ‘ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स अ‍ॅक्ट’ने सर्व संबंधित खात्यांच्या थकीत देखभालीसाठी २०२१ ते २०२५ या पाच आर्थिक वर्षांसाठी दरवर्षी कमाल १९० कोटी डॉलरची सोय केली. त्यात वनखात्याचा वाटा १५ टक्के होता. पैसा आला, पण गेलेली अनुभवी माणसे त्याने लगेच परत येत नाहीत.

मधल्या काळात संसदेने आणखी एक मार्ग चोखाळला. २०१६ च्या एका कायद्याने वनखात्याला पायवाटांच्या कामातील स्वयंसेवक आणि भागीदार संस्थांचा वाटा पाच वर्षांत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट घालून दिले. दोन्ही पक्षांनी त्याला पाठिंबा दिला. पाठिंबा न देण्याचे कारणही नव्हते. नागरिकांना काम करायचे आहे, सरकारचे पैसे वाचतात, पायवाटा दुरुस्त होतात. वरवर पाहता यात कोणाचेच नुकसान दिसत नव्हते.

कपातीचे वर्ष

धक्क्याला सुरुवात सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. बायडेन यांच्या कारकीर्दीतच वनखात्याने आगामी वर्षात वणव्यांखेरीज इतर कामांसाठी हंगामी भरती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. पायवाटांची कामे करणारी तुकडी ही प्रामुख्याने अशा हंगामी कर्मचाऱ्यांचीच असते. त्याच महिन्याच्या अखेरीस हेलेन चक्रीवादळाने अ‍ॅपलाचियन वाटेच्या दक्षिण भागात शेकडो मैलांच्या पट्ट्यात झाडांचा खच पाडला आणि पूल वाहून नेले.

त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना सरसकट घरचा रस्ता दाखवला. राष्ट्रीय उद्यान खात्यातील सुमारे १,००० जण त्यात होते. वनखात्यातील आकडा कृषी मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार सुमारे २,००० आणि कर्मचारी संघटनेच्या म्हणण्यानुसार ३,४०० होता. अमेरिकेत वनखाते कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. मार्चमध्ये नोकरीविषयक तंटे पाहणाऱ्या लवादाने कृषी मंत्रालयातील कपातीला तात्पुरती स्थगिती देऊन कर्मचाऱ्यांना परत घेण्यास सांगितले. पण दरम्यान स्वेच्छा-राजीनाम्याच्या योजनेतून मंत्रालयातील हजारो कर्मचारी बाहेर पडले. ‘परिविक्षाधीन’ या शब्दाने गैरसमज होण्याचा संभव आहे. वर्षानुवर्षे हंगामी म्हणून राबून नुकतीच कायम नोकरी मिळालेले अनुभवी लोकही या वर्गात मोडत होते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात कामकाज बंद राहिले, ते या घटलेल्या मनुष्यबळावर.

अशा वेळी स्वयंसेवकांनी पोकळी भरून काढावी, ही अपेक्षा स्वाभाविक वाटते. तिची मर्यादा मात्र याआधीच दिसून आली आहे. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या ३५ दिवसांच्या कामकाजबंदीत कॅलिफोर्नियातील ‘जोशुआ ट्री’ राष्ट्रीय उद्यान अपुऱ्या कर्मचाऱ्यांनिशी उघडे ठेवले गेले. स्थानिक नागरिक पुढे आले. त्यांनी शौचालये स्वच्छ केली, कचरा उचलला, आवश्यक वस्तू स्वखर्चाने पुरवल्या. जगभरातून त्यांचे कौतुक झाले. तरीही नियम धाब्यावर बसवून वाहने आडवाटेने घातली गेली आणि उद्यानाला ज्यांचे नाव मिळाले त्या जोशुआ वृक्षांचीही हानी झाली. कचरा कोणीही उचलू शकतो. नियम मोडणाऱ्याला अडवण्याचा अधिकार मात्र गणवेशातील माणसालाच असतो.

स्वयंसेवक फुकट नसतो

येथेच प्रश्नाचा गाभा आहे. स्वयंसेवकाचे श्रम विनामूल्य असले, तरी त्याला कामाला लावणे विनामूल्य नसते. सरकारी वनांत करवत चालवायची तर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते. २०१६ पासून त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील नियमावली आहे. ते प्रशिक्षण कोणीतरी द्यावे लागते. कोणत्या वाटेला प्राधान्य द्यायचे, कोठे पाणी वळवायचे, कोठे दुर्मीळ वनस्पती आहे म्हणून हात लावायचा नाही, हे ठरवणारा जाणकार लागतो. सामान आत पोहोचवणारी खेचरे आणि ती हाकणारा माणूस लागतो. करारावर सही करणारा अधिकारी लागतो. २०१३ च्या त्याच अहवालाने स्वयंसेवकांसोबत काम कसे करावे, याचे प्रशिक्षण खात्यातील कर्मचाऱ्यांना देण्याची शिफारस केली होती. एक जाणता वनकर्मचारी कमी झाला की त्याच्या एकट्याच्याच कामाचे तास बुडत नाहीत. त्याच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या अनेक तुकड्यांचे काम बुडते. स्वयंसेवक हा सरकारी यंत्रणेचा गुणक आहे. गुणकाने शून्याला गुणले, तर उत्तर शून्यच येते.

दुसरा धोका हिशेबाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत स्वयंसेवेच्या तासाचे मूल्य डॉलरमध्ये मांडण्याची प्रथा आहे. ‘इंडिपेंडंट सेक्टर’ या संस्थेने २०२४ सालासाठी ते ३४.७९ डॉलर इतके धरले. संस्थांना देणग्या आणि अनुदाने मिळवताना या आकड्याचा उपयोग होतो. पण नागरिकांनी इतक्या लाख डॉलरचे काम केले, असे एकदा कागदावर आले की तेवढी तरतूद कमी केली तर बिघडते कोठे, असे म्हणणारा अर्थखात्यातला कोणीतरी निघतोच. प्रामाणिक श्रमांचा आकडा अशा रीतीने कपातीचे समर्थन बनतो. स्वयंसेवी संस्थांची कोंडी येथे होते. काम केले तर सरकारची अनास्था झाकली जाते. न केले तर पायवाट जाते.

तिसरा मुद्दा सामाजिक आहे. खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्याला पगारी रजा मिळालीच पाहिजे, असा संघराज्याचा कायदा अमेरिकेत नाही. आठवडाभराची रजा, विमानाचे भाडे आणि चांगले बूट ज्यांना परवडतात, त्यांनाच असे श्रमदान शक्य होते. साहजिकच सुस्थितीतील नोकरदार आणि निवृत्त मंडळी यांचा त्यात भरणा असतो. याउलट हंगामी वनकर्मचारी हा बहुधा तरुण आणि बेताच्या कमाईचा असतो. डोंगराळ भागातील लहान गावांत ही नोकरी हा रोजगाराच्या मोजक्या साधनांपैकी एक असतो. पगारी कामाच्या जागी हौशी काम आले, तर एका वर्गाची सुट्टी दुसऱ्या वर्गाची नोकरी गिळते. कोणाही स्वयंसेवकाच्या मनात असे नसते. परिणाम मात्र तोच होतो.

याचा अर्थ ही चळवळ निरर्थक आहे, असा मुळीच नाही. स्वतःच्या हाताने चर खणलेला माणूस त्या वाटेकडे पुढे ग्राहक म्हणून पाहत नाही. तो तिच्यासाठी लोकप्रतिनिधीला पत्र लिहितो, सुनावणीला हजर राहतो, अंदाजपत्रकातील तरतूद वाचतो. १९६८ चा कायदा आणि २०२० चा निधी यांमागे अशाच लाखो पायांचा आणि हातांचा दबाव होता. स्वयंसेवेचे मोठे फळ बहुधा हेच आहे. दुरुस्त झालेले मैल त्याच्यापुढे दुय्यम ठरतात.

सह्याद्रीलाही लागू

महाराष्ट्राला श्रमदान ही कल्पना नवी नाही. बाबा आमटे यांच्या सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणीने कित्येक पिढ्यांतील तरुणांच्या हाती कुदळ दिली. १ मे २०१८ रोजी ‘पाणी फाउंडेशन’च्या आवाहनाला प्रतिसाद देऊन शहरांतील हजारो नागरिक गावोगावी माती उपसायला गेले. गडकोटांवर शनिवार-रविवारी टाकी उपसणारी, झाडोरा काढणारी, कचरा खाली आणणारी मंडळे तर गेली अनेक वर्षे निष्ठेने काम करत आहेत.

परिस्थितीत फरक आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. अमेरिकेतील बऱ्याच रानवाटा पर्यटनासाठी आखलेल्या आहेत. सह्याद्रीतील वाटा मुळात घाटवाटा आहेत. व्यापाऱ्यांच्या, गुराख्यांच्या, बाजाराला जाणाऱ्या गावकऱ्यांच्या. गावाला डांबरी रस्ता झाला की गावकऱ्यांचे पाय त्या वाटेवरून उठतात आणि वाट रानात जिरते. दुसरीकडे, प्रसिद्ध गडांच्या वाटा सुट्टीच्या दिवशी गर्दीने झिजतात. कोसळत्या पावसाचा विचार केला, तर पाणी हाच शत्रू हे सूत्र येथे अधिकच खरे आहे. संरक्षित गडांवर पुरातत्त्व खात्याच्या आणि अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय काम करता येत नाही. ते योग्यही आहे. जाणकारांविना केलेल्या डागडुजीने मूळ अवशेषांचे नुकसान होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातील अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा तामिळनाडूतील जिंजी. साल्हेर, राजगड, रायगड यांच्याकडे वळणारी पावले यापुढे वाढतील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या पावलांखालच्या वाटेची जबाबदारी कोणाची? पुरातत्त्व खात्याची, वनखात्याची, ग्रामपंचायतीची की रविवारी येणाऱ्या मंडळांची? अ‍ॅपलाचियन वाटेवर कोणता तुकडा कोणाचा, हे लेखी ठरलेले असते. काम काय करायचे, देखरेख कोणाची, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हेही ठरलेले असते. महाराष्ट्रात उत्साहाची उणीव नाही. अशा लेखी वाटणीला सार्वत्रिक स्वरूप आले, तर तो उत्साह वाया जाणार नाही. स्थानिक गावांतील तरुणांना या देखभालीचे पगारी काम मिळाले आणि शहरी स्वयंसेवकांनी त्यांच्या हाताखाली राबायची तयारी ठेवली, तर अमेरिकेतील वर्गीय पेचही काही अंशी टाळता येईल.

तरतुदीची वाट

पायवाट ही सार्वजनिक जमिनीची दारे उघडी ठेवणारी गोष्ट आहे. नकाशावर कोट्यवधी एकरांचे अरण्य राखीव असले, तरी तेथे जाणारी वाट बुजली की सामान्य नागरिकासाठी ते अरण्य केवळ कागदावर उरते. मग ते पाहायला कोणी जात नाही आणि ज्याला कोणी पाहत नाही त्याच्या रक्षणासाठी कोणी भांडतही नाही. अमेरिकेतील आजच्या पेचाचे गांभीर्य यात आहे.

आपली सुट्टी देणाऱ्या नागरिकांचे मोल मोठे आहे; पण ते एका आठवड्यापुरते येतात आणि परत जातात. उरलेले एक्कावन्न आठवडे वाट कोणीतरी सांभाळावी लागते. ते काम पगारी, प्रशिक्षित आणि उत्तरदायी यंत्रणेचे आहे, आणि लोकशाहीत त्याची तरतूद अंदाजपत्रकातूनच व्हावी लागते. त्या यंत्रणेला जोड म्हणून आलेले श्रमदान समाजाची शक्ती वाढवते. तिची जागा घेण्यासाठी बोलावलेले श्रमदान मात्र नागरिकांच्या सद्भावनेची उधळपट्टी ठरते. आगामी हंगामात कुदळी खांद्यावर घेऊन निघालेल्या तुकड्यांना रानाच्या तोंडाशी वनखात्याचा माणूस भेटतो की नाही, यावर या श्रमांचे भवितव्य ठरणार आहे.